बाहेरगावचं गिऱ्हाईक परत यावं म्हणून: सोलापूरच्या दुकानदारासाठी ईमेल पत्राची पद्धत

सोलापुरातल्या चादरी-टॉवेलच्या दुकानात येणारी बरीच माणसं बाहेरगावची असतात. कुणी अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला निघालेलं, कुणी तुळजापूरहून परतणारं, कुणी पंढरपूर करून इकडे वळलेलं. काही मूळची इथलीच, पण नोकरीमुळे पुण्या-मुंबईत किंवा हैदराबाद-बंगळुरात राहणारी. चार चादरी, अर्धा डझन टॉवेल, दोन किलो शेंगा चटणी घेतात, माल आवडल्याचं मनापासून सांगतात आणि गाडीत बसतात. पुढच्या वर्षी त्यांना टॉवेल लागतात तेव्हा ते घराजवळच्या मॉलमधून घेतात. माल वाईट निघाला म्हणून ते तिकडे जात नाहीत. तुमचं नाव आणि नंबर त्या क्षणी त्यांच्या हाताशी नसतो, एवढंच कारण असतं.

हा लेख या गिऱ्हाइकासाठी आहे. तुमचं सगळं गिऱ्हाईक आसपासच्या पेठांतलं असेल तर ईमेलच्या भानगडीत पडू नका, फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप पुरे आहे. बाहेरगावच्या माणसासाठी मात्र व्हॉट्सअ‍ॅप अपुरं पडतं. ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ जणच बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो निरोप पोचतो. एकदाच आलेला प्रवासी तुमचा नंबर कशाला सेव्ह करेल? ईमेलला ही अट नाही. शिवाय पत्र पडून राहतं. माणूस तीन महिन्यांनी इनबॉक्समध्ये 'चादर' असं शोधतो आणि तुम्ही सापडता.

पत्ते कसे गोळा करायचे

सगळी मेहनत इथे आहे. पुढचं काम त्या मानाने सोपं.

गल्ल्यावर गिऱ्हाइकाला ईमेल तोंडी विचारून लिहून घेऊ नका. आपल्याकडे आडनावं मराठी, तेलुगू, कन्नड अशी सगळ्या तऱ्हेची, आणि एकाच नावाची इंग्रजी स्पेलिंगं चार. त्यात 'डॉट कुठे, अंडरस्कोर कुठे' यात घोळ होतो, आणि एक अक्षर चुकलं की तो पत्ता कायमचा वाया. त्यापेक्षा गूगल फॉर्म बनवा, त्याचा क्यूआर कोड छापून यूपीआयच्या कोडशेजारी लावा आणि गिऱ्हाइकाला स्वतःच्या फोनवर स्वतः टाइप करू द्या. पैसे भरायला फोन हातात आलेलाच असतो.

फॉर्ममध्ये पाचच गोष्टी विचारा: नाव, ईमेल, गाव, आज काय घेतलं, आणि पत्र कोणत्या भाषेत हवं. शेवटचा प्रश्न सोलापुरात फार महत्त्वाचा आहे. हैदराबादच्या घरी गेलेला पद्मशाली (तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजातला) माणूस सोलापूरशी जिवाभावाने बांधलेला असतो, पण त्याची मुलं मराठी वाचतीलच असं नाही. त्यांना हिंदीत किंवा इंग्रजीत पत्र गेलं तर ते वाचलं जाईल.

खाली एक चौकोन ठेवा: 'महिन्यातून एक-दोनदा पत्र पाठवलं तर चालेल.' हा चौकोन आधीच टिक केलेला नको, टिक गिऱ्हाइकाने स्वतः करायची. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती स्वेच्छेने, ठरावीक कामासाठी आणि स्पष्टपणे दिलेली असावी असं म्हटलं आहे. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असावं, हेही त्यातच आहे. ई-बिल पाठवण्यासाठी घेतलेला पत्ता जाहिरातीसाठी आपोआप वापरता येत नाही. बिलासाठी दिलेली संमती बिलापुरतीच असते.

माणूस पत्ता का देईल, याचं उत्तर तुमच्याकडे तयार हवं. 'ऑफर कळवू' याला कुणी भुलत नाही. 'चादर धुवायची कशी ते पाठवतो, आणि काही खराबी निघाली तर याच पत्राला उत्तर द्या, बिल शोधत बसू नका' असं सांगितलं की माणूस फोन काढतो. ही सोय खरोखर द्यायची तयारी असेल तरच हे वाक्य वापरा.

जुन्या बिलबुकांतही ईमेल पत्ते असतात, विशेषतः कुरिअरने माल पाठवलेल्यांचे. त्यांना थेट जाहिरात पाठवू नका. एकदाच छोटं पत्र लिहा, 'तुम्ही आमच्याकडून माल मागवला होता, पुढे पत्र पाठवलेलं चालेल का?' जे होकार देतील तेवढेच यादीत घ्या. आणि कुणी दहा हजार ईमेल पत्त्यांची सीडी किंवा फाइल विकायला आलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. त्यातल्या एकालाही तुमचं दुकान माहीत नसतं. ते तुमचं पत्र स्पॅममध्ये टाकणार, आणि त्याचे परिणाम तुमच्या खऱ्या गिऱ्हाइकांना जाणाऱ्या पत्रांवरही होणार.

यादी लावायची

एक साधी शीट पुरते. नाव, ईमेल, गाव, भाषा, काय घेतलं, कधी घेतलं, संमतीची तारीख. 'काय घेतलं' आणि 'कधी घेतलं' हे दोन रकाने म्हणजे या सगळ्या खटाटोपाचा गाभा. शेंगा चटणीचं गिऱ्हाईक दीड-दोन महिन्यांत पुन्हा तयार होतं. टॉवेलचं वर्ष-दोन वर्षांनी होतं. चादरीचं घरात लग्न, बारसं, वास्तुशांत निघाली की होतं. तिघांना एकच पत्र धाडलं तर दोघांसाठी ते बिनकामाचं ठरतं. तुमच्या मालाचा नेमका फेरा किती, हे कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. जुनी बिलं चाळा, दुसऱ्यांदा आलेल्या दहा-वीस जणांच्या तारखा पाहा, अंदाज येईल.

पाठवायचं कुठून

स्वतःच्या साध्या जीमेलवरून शंभर-दीडशे लोकांना एकाच वेळी पत्र पाठवायचा मोह होतो. जीमेलच्या मोफत खात्यावर दिवसाला ५०० जणांची मर्यादा आहे, पण खरी अडचण वेगळीच आहे. पत्र नको असेल तर थांबवायची सोय त्यात नसते, आणि सगळे पत्ते चुकून 'टू'च्या रकान्यात गेले की प्रत्येक गिऱ्हाइकाचा ईमेल बाकी सगळ्यांना दिसतो. एकदा असं झालं की विश्वास परत मिळवायला फार वेळ लागतो.

म्हणून दोन गोष्टी करा. पहिली, दुकानाच्या नावाचं डोमेन घ्या, म्हणजे ईमेलमध्ये @ नंतर येणारं स्वतःचं नाव. 'डॉट इन' डोमेनचा वर्षाचा खर्च साधारणपणे एखाद्या डबल चादरीच्या किमतीच्या आसपास येतो. दुसरी, झोहो कॅम्पेन्स, ब्रेव्हो, मेलचिंप अशा, यादीतल्या सगळ्यांना ईमेल पाठवून देणाऱ्या सेवांपैकी एकीवर खातं उघडा. छोट्या यादीसाठी या सेवांचे मोफत प्लॅन असतात. ब्रेव्होच्या मोफत प्लॅनमध्ये दिवसाला ३०० पत्रं जातात, म्हणजे सहाशेची यादी दोन दिवसांत होते.

मग डोमेनच्या सेटिंगमध्ये एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन नोंदी कराव्या लागतात. नावं अवघड आहेत, काम सोपं आहे. पहिली नोंद सांगते की या डोमेनच्या नावाने पत्र पाठवायची परवानगी कुणाला आहे. दुसरी प्रत्येक पत्रावर न दिसणारी सही करते. तिसरी सांगते की या दोन्ही कसोट्यांत न बसणाऱ्या पत्राचं काय करायचं. सेवा तुम्हाला या नोंदींचा मजकूर तयार देते, तो कॉपी करून डोमेन कंपनीच्या साइटवरच्या डीएनएस (डोमेनच्या नोंदींच्या) पानावर चिकटवायचा. इंजिनिअरिंगला असलेला भाचा अर्ध्या तासात करून देईल.

हे टाळू नका. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने नियम कडक केले आहेत. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० हून जास्त पत्रं पाठवणाऱ्याला तिन्ही नोंदी आणि एका टिचकीत पत्र थांबवायची सोय सक्तीची आहे. तुमची यादी तेवढी मोठी नसली तरी पहिल्या दोन नोंदींपैकी निदान एक सगळ्यांनाच लागते. पत्राला स्पॅम म्हणणाऱ्यांचं प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत जाऊ देऊ नका असंही गूगल सांगतं. म्हणजे हजार पत्रांमागे तिघं. विकत घेतलेली यादी ही मर्यादा पहिल्याच दिवशी ओलांडते, ते यामुळेच.

पहिलं पत्र आपोआप जाऊ द्या

फॉर्म भरल्यावर त्याच दिवशी पहिलं पत्र गेलं पाहिजे, माणूस अजून गाडीत असतानाच. ते आपोआप जाईल अशी सोय बहुतेक सेवांमध्ये असते. गूगल फॉर्मची माहिती तिकडे आपसूक जात नसेल तर त्या सेवेचाच फॉर्म वापरा. पत्रात तीन गोष्टी पुरतात: आभार, घेतलेल्या वस्तूची निगा, आणि एक प्रश्न. प्रश्न असा विचारा की उत्तर एका शब्दात देता येईल, 'चादर स्वतःसाठी घेतली की आहेरासाठी?' माणसाने उत्तर दिलं की दोन फायदे. तुम्हाला त्याची गरज कळते, आणि त्याच्या मेलबॉक्सलाही कळतं की हे ओळखीचं पत्र आहे, त्यामुळे पुढची पत्रं जीमेलच्या प्रमोशन्स म्हणजे जाहिरातींच्या कप्प्यात हरवण्याची शक्यता कमी होते. उत्तर येईल तो पत्ता चालू आणि रोज पाहिला जाणारा असावा. 'कृपया या ईमेलला उत्तर देऊ नका' असं लिहून गिऱ्हाईक जोडता येत नाही.

पत्र लिहायचं कसं

बहुतेक दुकानांची पत्रं पँफ्लेटसारखी असतात: लाल-पिवळा फोटो, 'भव्य सूट', 'त्वरा करा'. असं पत्र लोक न उघडताच पुसतात. कामाची माहिती देणारं पत्र लोक ठेवून देतात. चादर आणि टॉवेलबद्दल तुम्हाला जे रोजचं वाटतं, ते पुण्यातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला ठाऊक नसतं. एक नमुना देतो:

> विषय: टॉवेलचा धागा निघाला? ओढू नका
>
> नमस्कार,
>
> गेल्या उन्हाळ्यात तुम्ही आमच्याकडून टेरी टॉवेल नेले होते. आता ते रोजच्या वापरात असतील.
>
> टॉवेलचा एखादा फासा निघून लोंबू लागला तर तो ओढू नका, शेजारचे फासेही निघतात. कात्रीने बाकीच्या फाशांच्या उंचीवर कापून टाका. टॉवेलला काही होत नाही.
>
> दुसरं, टॉवेल पाणी नीट टिपत नाही असं वाटत असेल तर धुताना फॅब्रिक कंडिशनर घालणं बंद करून पाहा. त्याचा थर फाशांवर बसतो आणि पाणी शोषलं जात नाही. दोन-तीन धुण्यांत फरक दिसेल.
>
> या महिन्यात आमच्याकडे अंघोळीचे मोठे टॉवेल पांढऱ्या आणि आकाशी रंगात आले आहेत, फोटो खाली आहे. सहाचा जोड हवा असेल तर या पत्राला फक्त 'टॉवेल' असं उत्तर द्या. भाव आणि कुरिअरचा खर्च आम्ही कळवतो.
>
> सोलापूरला येणार असाल तर येताना 'आकाशी' एवढं गल्ल्यावर सांगा, नॅपकिन आमच्याकडून.

या पत्रात काय काय आहे ते पाहा. विषय छोटा आहे. फोनवर विषयाची सुरुवातीची तीस-पस्तीस अक्षरंच दिसतात, त्यामुळे मुद्दा पुढे हवा आणि दुकानाचं नाव विषयात नको. ते पाठवणाऱ्याच्या नावात दिसतंच. पहिल्या वाक्यात गिऱ्हाइकाने काय नेलं ते आहे, आणि ते शीटमुळेच लिहिता आलं. मजकुराचा मोठा भाग त्याच्या उपयोगाचा आहे, विक्रीच्या ओळी शेवटी आहेत आणि वस्तू एकच आहे. सहा वस्तू दाखवल्या की माणूस 'नंतर बघू' म्हणतो, आणि ते नंतर कधी येत नाही. मागणी नोंदवायला वेबसाइट लागत नाही, एक शब्द पुरतो. 'आकाशी' हा शब्द हिशेबासाठी आहे, त्याकडे पुढे येतो.

फोटो एकच ठेवा, दुपारच्या उजेडात दारापाशी काढलेला. चादरीची घडी थोडी उलगडलेली असावी, म्हणजे किनार आणि वीण दिसते. भाव, पत्ता, फोन नंबर फोटोत कोरू नका. अनेकांच्या मेलमध्ये फोटो आपोआप उघडत नाहीत, आणि फोटोतला मजकूर पुढे शोधताही येत नाही. आणखी एक तांत्रिक गोष्ट मराठीत लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. पत्राचा मजकूर साधारण १०२ केबीच्या पुढे गेला की जीमेल ते मध्येच कापतं, आणि देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह साठवायला ३ बाइट लागतात, इंग्रजीला १. नक्षीदार टेम्प्लेटमध्ये लांबलचक मराठी पत्र लिहिलं तर शेवटची 'पत्र थांबवा' ही ओळच कापली जाते, आणि ती ओळ सापडली नाही की माणूस स्पॅमचं बटण दाबतो. साधं टेम्प्लेट आणि दोनशे शब्दांच्या आतलं पत्र असेल तर हा प्रश्नच येत नाही.

विषय सुचत नाहीत अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. गल्ल्यावर बसून आठवडाभर गिऱ्हाइकांचे प्रश्न लिहून ठेवा, वर्षाचे विषय मिळतील. रंग जाईल का? पहिली दोन-तीन धुणी वेगळी, थंड पाण्यात काढा. टॉवेलवरचं जीएसएम म्हणजे काय? एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. आकडा जास्त तितका टॉवेल जाड, पण पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो, म्हणून पुण्या-मुंबईच्या बाल्कनीत वाळत घालणाऱ्याला मध्यम जाडीचा सुचवा. नवा टॉवेल पहिल्या दिवशी पाणी का टिपत नाही? कारखान्यातल्या फिनिशिंगचा अंश एक-दोन धुण्यांत निघून जातो, मग टिपायला लागतो. खरी सोलापुरी चादर कशी ओळखायची, हा तर हक्काचा विषय. सोलापुरी चादरीला आणि इथल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, तरी बाहेरच्या बाजारात सोलापुरी म्हणून विकली जाणारी प्रत्येक चादर इथल्या मागावरची नसते. हे समजावून सांगण्याचा अधिकार तुमच्याइतका कुणाला आहे? यंत्रमागावर जेकार्डची (विणतानाच नक्षी उमटणारी) चादर कशी विणली जाते याचे चार फोटो आणि दहा ओळी लिहा. लोक आवडीने वाचतील आणि घरच्यांना पुढे पाठवतील.

कधी पाठवायचं

महिन्याला एक पत्र, दिवाळीच्या महिन्यात दोन. याहून जास्त नको.

सोलापूरचं कॅलेंडर तुमच्या बाजूने आहे, ते वापरा. डिसेंबरात हुरड्याचे दिवस सुरू होतात, बाहेरची मंडळी शेतावर येतात. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा आणि गड्डा (त्या यात्रेतली जत्रा), तेव्हा मूळचे सोलापूरकर घरी येतात. त्यांना डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पत्र गेलं पाहिजे: 'गड्ड्याला येताय ना? चटणी ताजी कुटून ठेवतो, किती किलो ते कळवा.' आगाऊ मागणी मिळाली की मालही नेमका तयार होतो. मेच्या सुट्टीआधी एप्रिलमध्ये एक पत्र, कारण लग्नसराईत आहेराच्या चादरींची घाऊक चौकशी तेव्हाच होते. आषाढीच्या आधी पंढरपूरला येणाऱ्यांसाठी एक. दसरा-दिवाळीचं पत्र सप्टेंबरअखेर पाठवा. ऐन दिवाळीच्या आठवड्यात सगळ्या जगाची पत्रं येतात, कुरिअरलाही उशीर होतो.

वार निवडताना माणूस कसा प्रवास करतो ते बघा. शुक्रवारी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईहून निघणारा शनिवारी सकाळी सोलापुरात असतो. त्याच्या हातात पत्र बुधवारी किंवा गुरुवारी हवं. चटणीवाल्यांसाठी तारखेपेक्षा फेरा महत्त्वाचा: खरेदीनंतर सहा आठवड्यांनी 'चटणी संपत आली असेल' एवढं दोन ओळींचं पत्र आपोआप जाईल अशी व्यवस्था करा. माझ्या मते छोट्या दुकानाला सगळ्यात जास्त परतावा देणारं पत्र हेच.

हिशेब

किती जणांनी पत्र उघडलं हा आकडा सेवा ठळकपणे दाखवते, पण त्यावर फार विसंबू नका. सप्टेंबर २०२१ पासून अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपमध्ये अशी सोय आहे की माणसाने पत्र पाहिलं नाही तरी त्यातले फोटो आधीच उतरवले जातात, आणि 'उघडलं' अशी नोंद होते.

मोजायचं ते गल्ल्यावर. म्हणून पत्रात 'आकाशी'सारखा एक शब्द. तो शब्द सांगून झालेली आणि पत्राला उत्तर देऊन झालेली बिलं वेगळ्या खुणेने नोंदवा. समजा ३०० पत्रं गेली, ९ बिलं झाली, सरासरी बिल १,२०० रुपयांचं. म्हणजे १०,८०० ची विक्री, आणि २० टक्के सुटत असतील तर २,१६० रुपये हातात. त्यातून दिलेल्या नॅपकिनांची किंमत आणि तुमचे पत्र लिहिण्याचे दोन तास वजा करा. हा हिशेब तीन-चार पत्रं चालवा, मग कोणता विषय चालतो ते आपोआप दिसेल. नवं गिऱ्हाईक आणायला बोर्ड, हँडबिल, कमिशन यांवर जो खर्च होतो तो शेजारी मांडून पाहा.

घाऊक आणि संस्थांचं गिऱ्हाईक

लॉज, रुग्णालयं, वसतिगृहं, मंगल कार्यालयं यांची यादी पूर्ण वेगळी ठेवा. त्यांना धुण्याच्या युक्त्या नकोत. त्यांना दर, जीएसएम, साइज, किमान नग, जीएसटीचं बिल आणि किती दिवसांत माल पोचेल, एवढंच हवं असतं. तीन महिन्यांतून एक दरपत्रक पुरेसं, सोबत 'नमुना मोफत पाठवतो' ही ओळ. शाळांच्या गणवेशाचं काम असेल तर हे पत्र फेब्रुवारीत गेलं पाहिजे, जूनमध्ये गेलेल्या पत्राचा काही उपयोग नाही. इथे पत्र मालकाच्या नावाने लिहा, खाली मोबाइल नंबर द्या आणि दोन दिवसांनी फोन करा. संस्थेची खरेदी पत्रावर ठरत नाही, पण फोन केल्यावर समोरच्याला तुमचं नाव ओळखीचं वाटतं.

यादी साफ ठेवा

परत आलेले पत्ते लगेच काढा. 'पत्र नको' म्हणणाऱ्याला कारण विचारू नका, मनधरणी करू नका, त्याच क्षणी नाव काढा. तो उद्या दुकानात येऊ शकतो. वर्षभरात ज्याने ना उत्तर दिलं, ना खरेदी केली, ना कुठल्या दुव्यावर टिचकी मारली, त्याला एक शेवटचं पत्र लिहा: 'अजून पत्रं पाठवू का? हवी असतील तर फक्त हो म्हणा.' दोन आठवडे थांबा. उत्तर आलं नाही तर ईमेलच्या यादीतून नाव काढा. बिलबुकात ते राहू द्या, पुन्हा दुकानात आले की फॉर्म नव्याने भरून घेता येईल.